दफ्तर आणि डफ

पोवाडा म्हणजे घडून गेलेल्या प्रसंगाचा गाऊन सांगितलेला वृत्तान्त. जुन्या मराठीत ‘पवाडा’ हा शब्द कीर्ती, पराक्रम, विस्तार अशा अर्थांनी येतो. पुढे तो डफ-तुणतुण्यावर वीराची कथा सांगण्याच्या प्रकाराला कायमचा चिकटला. शिवकाळातले म्हणून तीनच पोवाडे दाखवले जातात: अफजलखानाच्या वधावरचा अज्ञानदासाचा (काही जण त्याला अग्निदास म्हणतात), सिंहगडावरचा तुळशीदासाचा आणि बाजी पासलकरांवरचा यमाजी भास्कराचा. पेशवाईत मात्र पोवाड्यांचे पीक दाटले. पानिपत, नारायणरावाचा खून, खर्डा, शेवटी खुद्द पेशवाईची अखेर; धुरळा बसायच्या आत शाहिरांनी प्रसंग चौकांत बांधलेला असे.

१८१८ नंतर आश्रयदाते गेले आणि जुने पोवाडे मुख्यतः गोंधळ्यांच्या तोंडी उरले. तिथून ते कागदावर आणले मुंबई इलाख्यातला सनदी अधिकारी हॅरी ॲकवर्थ आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी. ‘इतिहासप्रसिद्ध पुरुषांचे व स्त्रियांचे पोवाडे’ हा त्यांचा संग्रह १८९१ साली निघाला, आणि तीन वर्षांनी ॲकवर्थने त्यातले निवडक पोवाडे इंग्रजी पद्यात उतरवले. (मुंबईकरांना ॲकवर्थ ठाऊक असतो तो वडाळ्याच्या कुष्ठरुग्णालयाच्या नावामुळे. पोवाड्यांचा ॲकवर्थ तोच.) पुढे य. न. केळकर यांनी ‘ऐतिहासिक पोवाडे’चा पहिला खंड १९२८ साली काढला. गावोगावची बाडे, फडांच्या वह्या आणि जुन्या माणसांचे पाठांतर यांतून जमले ते या दोन संग्रहांत आले.

वर्षातले काही दिवस हे पोवाडे हटकून कानी पडतात. माघ वद्य नवमीला तानाजीच्या नावाने, मार्गशीर्ष शुद्ध सप्तमीला प्रतापगडाच्या नावाने, ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला राज्याभिषेकाच्या नावाने आणि शिवजयंतीला, मग ती कोणत्याही तारखेची असो. एरवी पोवाडा ऐकायला मिळणे अवघड झाले आहे. जुने गाणे जगले ते स्मरणदिनाच्या आधाराने. म्हणून त्या दिवशी ते कसे गावे हा प्रश्न नुसत्या संगीताचा राहत नाही. त्यावर दोन मते आहेत. एक दफ्तराच्या बाजूने बोलते, दुसरे डफाच्या. पहिले इथे अभ्यासकाच्या तोंडी आहे, दुसरे शाहिराच्या.

अभ्यासक : शाहीर, सिंहगडाचा पोवाडा तुम्ही लावता तो कोणत्या प्रतीवरून?

शाहीर : प्रत कसली, सर? वडिलांनी पाठ करून दिला, त्यांना त्यांच्या गुरूंनी. पुस्तक घरात आलं ते पुष्कळ उशिरा. त्यात बघितलं तर चार चौक आमच्याकडे नव्हते आणि आमचे दोन त्यात नव्हते.

अभ्यासक : मग खरा कोणता?

शाहीर : छापलेला तरी कुठून आला? कुणा गोंधळ्याच्या तोंडूनच ना? तो गोंधळी त्या दिवशी जे म्हणाला ते शाळिग्रामांनी उतरून घेतलं. दुसऱ्या दिवशी तोच माणूस आणखी काही म्हणाला असता.

हा मुद्दा अभ्यासकाला नाकारता येत नाही, आणि तो नाकारतही नाही. प्रसंग १६७० चा, छापील पाठ १८९१ चा. मधल्या सव्वादोनशे वर्षांत भाषा झिजली, नवे शब्द शिरले, ऐकणारे बदलले. पोवाड्यातली मराठी तानाजीच्या काळातली जशीच्या तशी आहे, असे कोणी जाणता माणूस म्हणत नाही. अभ्यासकाचा आक्षेप याहून नेमका आहे. सिंहगडाचा प्रसंग आणखी एका जुन्या ठिकाणी येतो. कृष्णाजी अनंत सभासदाने जिंजीला, सतराव्या शतकाच्या शेवटच्या दशकात लिहिलेल्या बखरीत. सभासद स्वतः शिवाजीमहाराजांच्या दरबारात वावरलेला माणूस. त्याच्या बखरीत तानाजी पाचशे माणूस निवडतो, दोन चपळ मावळे रात्री कडा चढून जातात, वरून माळ लावतात आणि तिच्यावरून तीनशे जण गडावर पोचतात. किल्लेदार उदेभान आणि तानाजी दोघेही पडतात, सूर्याजी मालुसरे लढाई पुरी करतो आणि पागेची खोपटी पेटवून राजगडाला इशारत दिली जाते. इतकेच.

अभ्यासक : यात घोरपड नाही. तुमच्या पोवाड्यात तिला नावसुद्धा आहे, यशवंती. ऐंशी वर्षांचा शेलारमामा आहे, रायबाचं लग्न आहे. प्रतापगडावर जिजाबाई केस विंचरताना पूर्वेला बघतात आणि त्यांना कोंढाणा, म्हणजे सिंहगड, दिसतो. प्रतापगडाहून सिंहगड सरळ रेषेत पन्नास किलोमीटर पडतो. राजगडावरून म्हटलं असतं तर कोणी शंका घेतली नसती, तिथून तो समोरच आहे.

शाहीर : आई आणि लेक एकाच गडावर असते तर निरोप कुणी कुणाला धाडायचा? राजे घाईघाईनं येणार, आईसाहेब सोंगट्यांचा पट मांडून बसलेल्या, डाव जिंकून गड मागणार. हे सगळं त्या पन्नास किलोमीटरवर उभं आहे, सर. राजगड घातला की पहिला चौकच बसला खाली.

अभ्यासक : आणि घोरपड?

शाहीर : तिचं सांगतो. कडा चढले हे बखरीत एका ओळीत भागतं, कारण वाचणारा एकटा असतो. माझ्यासमोर पाचशे माणूस बसलेलं असतं, मागच्या रांगेत पोरं दंगा करत असतात. घोरपड अर्ध्या कड्यावरून माघारी फिरते, तिथं मी डफ थांबवतो. नुसतं तुणतुणं चालू ठेवायचं. तानाजी तिच्यावर भडकतो तोवर पोरांचा आवाज बंद झालेला असतो. मग थाप. तो कडा किती उभा होता हे पोरांना तेव्हा कळतं.

घोरपडीची गोष्ट इतिहास म्हणून टिकत नाही, याबद्दल अभ्यासकांत फारसा वाद नाही. गडाला सिंहगड हे नाव तानाजीच्या मरणानंतर पडले, ही लोकांच्या मनात बसलेली समजूतही तशीच; १६६३ सालच्या शिवाजीमहाराजांच्या पत्रात ते नाव आधीच आलेले आहे. पण पोवाड्यातले सगळेच बदल इतके निरुपद्रवी नसतात.

अभ्यासक : सभासद किल्ल्यावर रजपूत सांगतो. उदेभान स्वतः रजपूत. पोवाड्यात शिबंदी पठाणांची झाली. हा बदल नुसत्या रंगतीसाठी झालेला नाही. आणि तुम्ही हा पोवाडा म्हणता तो जयंतीच्या दिवशी, चौकात, लाउडस्पीकर लावून.

शाहीर : ते मला टोचत होतंच. मी तिथं ‘मोगलांचा किल्लेदार’ एवढंच म्हणतो. ते तर खोटं नाही?

अभ्यासक : खोटं नाही. पण मग तुम्हीसुद्धा पाठ बदललात.

शाहीर : बदलला. ज्यानं पठाण घातले त्यानंही बदललाच होता.

अभ्यासकाची अडचण इथे दिसते. शाहिराने जुना पाठ जसाच्या तसा म्हणावा तर चूक लोकांच्या कानात पक्की होते; सुधारून म्हणावा तर मूळ लेख म्हणून पोवाड्याची किंमत जाते. छापील संग्रहात तळटीप देता येते, मंचावर तळटीप म्हणता येत नाही. खरे तर पोवाड्याची साधन म्हणून किंमत सैन्याच्या आकड्यांत कधीच नव्हती. लग्नाची अक्षत कशी दिली जाते, कोणता मानकरी कोणाच्या आधी बसतो, हत्यार कोणत्या नावाने ओळखले जाते, शत्रूच्या ताटात कवी काय वाढतो, अशा गोष्टी बखरकार सांगायच्या विसरतो आणि शाहीर हमखास सांगतो. त्या गोष्टी सतराव्या शतकाच्या आहेत की अठराव्या, हे मात्र प्रत्येक वेळी वेगळे ठरवावे लागते.

अज्ञानदासाचे प्रकरण थोडे वेगळे आहे. त्याचा पोवाडा प्रतापगडच्या प्रसंगानंतर लवकरच, जिजाबाईंच्या सांगण्यावरून बांधला गेला, असे परंपरा सांगते, आणि शाहिराला मिळालेल्या घोड्याचा व सोन्याच्या तोड्याचा उल्लेख खुद्द पोवाड्यातच आहे. कवीला बिदागी काय मिळाली हे कवितेतच नोंदलेले असणे ही मराठी वाङ्मयातली दुर्मीळ गोष्ट. अभ्यासक तिला पुरावा मानतो. शाहीर ती ओळ दर वेळी जरा जोरात म्हणतो आणि पुढच्या रांगेकडे बघून हसतो.

चालीचा प्रश्न याहून अवघड. युरोपात जुने संगीत जुन्या पद्धतीने वाजवण्याची चळवळ उभी राहिली, कारण तिथे स्वरलेखन होते. १४१५ च्या एजिनकोर्टच्या विजयावरचे इंग्रजी गीत पंधराव्या शतकातल्या चर्मपत्राच्या गुंडाळीवर स्वरांसह लिहिलेले आहे. ती गुंडाळी केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात आहे. पोवाड्यांच्या बाबतीत ॲकवर्थ-शाळिग्रामांनी छापले ते फक्त शब्द. चाल कागदावर आली नाही.

अभ्यासक : म्हणून निदान वाद्यं तरी जुनी ठेवावीत असं मला वाटतं. गोंधळ्याचं संबळ आणि तुणतुणं, शाहिराचा डफ, झांज. हल्ली मंचावर कीबोर्ड असतो, ऑक्टोपॅड असतो. ढोलकी तमाशातून आली तिला दीडदोनशे वर्षं झाली, तिचं एक वेळ सोडा.

शाहीर : डफाचं तुम्हाला वाटतं तेवढं सोपं नाही.

डफ हे लाकडी कडे आणि त्यावर एका बाजूने ताणून बसवलेले बकऱ्याचे कातडे. डाव्या हाताने कडे छातीशी धरायचे, त्याच हाताच्या बोटांत काडी, उजव्या हाताची थाप. हवा दमट झाली की कातडे सैल पडते आणि आवाज बसतो. म्हणून कार्यक्रमाआधी मंचामागे कागद किंवा पाचट पेटवून डफ शेकतात. बोटाने टिचकी मारून सूर पाहायचा, पुन्हा शेकायचा. जास्त शेकला तर कातडे फाटते. राज्याभिषेकाचा दिवस पडतो मृगाच्या तोंडावर, रायगडावर, धुक्यात. प्लॅस्टिकच्या पानाचा डफ शाहिरांनी घेतला तो मुख्यतः या कारणाने.

तुणतुण्याचे तसे नाही. एका तोंडाला कातडे मढवलेले लाकडी नळकांडे, बाजूला उभी काठी, काठीवर खुंटी आणि एक तार. त्यावर गाणे वाजत नाही, एकच सूर वाजत राहतो. शाहिराचा आवाज वरच्या पट्टीत फिरून त्या सुरावर परत येतो आणि मागचे झीलकरी ‘जी’ ओढून त्याला दम घ्यायला जागा करून देतात. पोवाड्याच्या गायकीतले सर्वांत जुने असे काही असेल तर ते हे परतणे, असा अभ्यासकाचा अंदाज आहे. पुरावा नाही, पण तारेला पर्याय नव्हता, त्यामुळे अंदाज पटण्यासारखा आहे.

शाहीर : चालीवर खरा घाव पडला तो तबकडीनं. अठ्ठ्याहत्तरची रेकॉर्ड, एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटं. सिंहगड पुरा लावायचा तर दीड तास लागतो. मग काय उरणार? कडा आणि लढाई. सोंगट्यांचा डाव गेला, लग्नाचं आवतण गेलं. मधलं गद्य, म्हणजे शाहीर बोलून सांगतो तो भाग, तोही गेला. पुढच्या पिढीनं रेकॉर्ड ऐकून पोवाडा पाठ केला, तेव्हा तिला वाटलं पोवाडा एवढाच असतो आणि एवढ्याच झपाट्यानं म्हणायचा असतो.

अभ्यासक : मग तुमची परंपरा तोंडी आहे असं तरी कसं म्हणायचं? ती तबकडीचीही आहे.

शाहीर : आहे. माझ्या वडिलांचा पाठ वहीचा नव्हता, पण त्यांची लय रेकॉर्डची होती. ते मला उशिरा कळलं.

या ठिकाणी दोघांची मते अनपेक्षितपणे जवळ येतात. दीड तासाचा पाठ पुन्हा उभा करायचा तर शाहिराला छापील संग्रहच उघडावा लागतो, आणि संग्रहातले शब्द कोणत्या वजनाने पडतात हे कळायला अभ्यासकाला शाहीरच लागतो. चौकाची शेवटची ओळ कागदावर लांबलचक दिसते. गाताना तिचा अर्धा भाग झीलकऱ्यांचा असतो, हे मुद्रित पाठातून कळायची सोय नाही.

तिथी-तारखेवर मात्र पुन्हा तट पडतात. अफजलखानाचा प्रसंग मार्गशीर्ष शुद्ध सप्तमी, शके १५८१ चा. इंग्रजी तारीख १० नोव्हेंबर १६५९ लावली जाते ती जुन्या, ज्युलियन पंचांगाची. आजच्या ग्रेगोरियन हिशोबाने ती २० नोव्हेंबर होते. राज्याभिषेकाची ६ जून १६७४ ही तारीखही तशीच, आजच्या हिशोबाने १६ जून. भारतात ब्रिटिशांनी नवे पंचांग १७५२ साली घेतले. सतराव्या शतकातल्या मराठी कागदांत यातले काहीच नाही. तिथे शक, महिना, पक्ष आणि तिथी. महाराष्ट्रात आज दोन्ही दिवस पाळले जातात. रायगडावर ६ जूनलाही गर्दी असते आणि त्रयोदशीलाही.

अभ्यासक : तुम्ही तिथीवाले की तारखेवाले?

शाहीर : आम्ही बोलावतील तिथले. शिवजयंती तीन वेळा होते. १९ फेब्रुवारीची शासनाची, फाल्गुन वद्य तृतीयेची, आणि काही गावांत अजून वैशाख शुद्ध द्वितीयेची. शाहिराच्या संसाराला तीन जयंत्या बऱ्या पडतात.

वैशाखाची तिथी शके १५४९ ची, म्हणजे १६२७ सालची, आणि बराच काळ तीच सर्वमान्य होती. टिळकांनी १९१६ साली जेधे शकावली प्रसिद्ध केली, तीत फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ अशी नोंद निघाली. कवींद्र परमानंदाच्या ‘शिवभारता’तही तीच तिथी. तिची इंग्रजी तारीख १९ फेब्रुवारी १६३०. वाद पुढे कित्येक दशके चालला आणि शासकीय जयंती १९ फेब्रुवारीला ठरली ती २००१ पासून.

शाहीर : बघा, म्हणजे तुम्ही एक कागद सापडला की जन्मतारीख बदलता, आणि आम्ही एक चौक बदलला की ओरडता.

अभ्यासक : आम्ही बदलतो तेव्हा कागद दाखवतो, शाहीर.

शाहीर : आणि दाखवायला कागदच नसला तर?

अभ्यासक : तर तसं लिहून ठेवतो. साताऱ्याचंच घ्या. राज्याभिषेकाच्या साडेतीनशेव्या वर्षाचं निमित्त होतं. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखं २०२४ च्या जुलैत तिथल्या संग्रहालयात आली, तीही काही वर्षांच्या उसनवारीवर. ही अफजलखानाच्या वेळचीच, असा दावा ते लंडनचं संग्रहालय स्वतः करत नाही. पडताळता येत नाही एवढंच म्हणतं.

शाहीर : त्या दिवशी गर्दी बघितलीत का?

गर्दीचा मुद्दा अभ्यासक टाळतो, आणि ते बरोबर नाही. स्मरणदिन हा पहिल्यापासून गर्दीसाठीच उभा केलेला आहे. जोतीराव फुल्यांनी १८६९ साली शिवाजीराजांचा पोवाडा लिहून छापला तेव्हा जयंतीचा उत्सव सुरूही झाला नव्हता. कुणबी, माळी, महार, मांग यांना समजेल अशा भाषेत तो लिहिल्याचे त्यांनी स्वतः सांगितले आहे, आणि त्यातला राजा शेतकऱ्यांचा राजा आहे. टिळकांच्या प्रेरणेने रायगडावर शिवाजी उत्सव झाला तो १८९६ च्या एप्रिलात. पुढच्या वर्षी पुण्यात प्लेग असल्यामुळे जयंतीचा उत्सव पुढे ढकलून जूनमध्ये राज्याभिषेकाच्या दिवसांवर घेतला गेला. १५ जून १८९७ च्या ‘केसरी’त त्या उत्सवाचा वृत्तान्त आला, आणि शिवाजी जागा होऊन आजची दशा पाहतो आहे अशी कल्पना केलेली एक कविताही टोपणनावाने छापली गेली. आठवड्याभराने, २२ जूनला, व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीच्या साठ वर्षांचा समारंभ पुण्यात चालू असताना प्लेग अधिकारी रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला, ती कविता फिर्यादीतर्फे पुराव्यात दाखल झाली आणि शिक्षा झाली अठरा महिन्यांची. दोन राज्यकर्त्यांचे दोन स्मरणदिन त्या जूनमध्ये एकमेकांशेजारी आले होते. शिवाजीच्या नावाचे पद्य किती जड जाऊ शकते हे सरकारला आणि शाहिरांना तेव्हा एकदमच समजले.

अभ्यासक : तेव्हापासून मंचानं निवड करायला सुरुवात केली. प्रतापगड दर वर्षी. फुल्यांचा पोवाडा किती जयंत्यांत ऐकलात?

शाहीर : आमच्याकडे म्हणतात. पण थोडे म्हणतात, हे खरं.

अभ्यासक : पानिपताचे पोवाडे किती जण लावतात?

शाहीर : हरल्याचा पोवाडा गायला घसा वेगळा लागतो, सर. आणि आयोजकही वेगळा लागतो.

पानिपताचा स्मरणदिन १४ जानेवारी. लढाईच्या मैदानावर, हरयाणातल्या काला अंबला, त्या दिवशी कार्यक्रम होतो. पानिपतातून मागे राहिलेल्या मराठ्यांचे आपण वंशज, असे मानणारा रोड समाज त्यात पुढे असतो. महाराष्ट्रात हा दिवस संक्रांतीत बुडतो, आणि संक्रांत कोसळली ती पानिपतामुळे असे वर सांगितले जाते. १७६१ साली मात्र संक्रांत त्या तारखेच्या तीन-चार दिवस आधीच होऊन गेली होती. ती शतकागणिक एक-दीड दिवस पुढे सरकते. विवेकानंद जन्मले ती १२ जानेवारी १८६३ ही संक्रांतच होती. लढाई झाली पौष शुद्ध अष्टमीला. आजचा योगायोग जुन्या काळावर लादला गेला आहे. पानिपताचे खरे स्मारक भाषेत आहे: ‘पानिपत होणे’, ‘भाऊगर्दी’, ‘विश्वास गेला पानिपतात’. त्यांना ना तिथी लागते ना मंच.

१८१८ चे उदाहरण आणखी टोकाचे. पेशवाईच्या शाहिरांनी त्या वर्षाचा शोक केला. त्याच वर्षाच्या १ जानेवारीला भीमेकाठी कोरेगावला झालेल्या लढाईचा स्तंभ आंबेडकरांनी १ जानेवारी १९२७ रोजी पाहिला, आणि आज त्या दिवशी तिथे जमणाऱ्या लोकांत गायली जाणारी आंबेडकरी शाहिरी शोकाची नाही. वर्ष एक आणि डफही तोच. ऐकणारे वेगळे.

शाहीर : म्हणून म्हणतो, पोवाडा जुना ठेवायचा म्हणजे काय ठेवायचं ते आधी ठरवा. अण्णाभाऊ साठ्यांनी स्टालिनग्राडचा पोवाडा लिहिला तेव्हा युद्ध अजून चालू होतं. त्यात कसली जयंती? पोवाडा मुळात बातमी. ताजी असते तोवर लोक घडलं काय ते ऐकतात. शिळी झाली की दिवस ठरवून ऐकतात.

अभ्यासक : मान्य. पण बातमी आणि स्मरण यांत एक फरक आहे. अज्ञानदासासमोर जे बसले होते त्यांतले काही जण जावळीच्या रानात दबा धरून होते. शाहीर चुकला असता तर तिथंच कुणीतरी उठून बोललं असतं. तुमच्यासमोर बसलेल्यांत तसा कोणी नाही. म्हणून तुमच्यावर जबाबदारी जास्त.

शाहीर यावर थोडा वेळ काही बोलत नाही. मग तो वाद शब्दांवरून मुद्रेवर नेतो. पोवाड्याच्या शेवटच्या चौकात कवी स्वतःचे नाव गुंफतो, गुरूचे किंवा गावाचे नाव घेतो. ती त्याची मुद्रा. हस्तलिखितांत कर्ता ठरवण्याचा पहिला आधार हीच. पण मुद्रा ओढूनही आणता येते: अनामिक पोवाड्याला नामवंताचे नाव लावले की तो फडावर चालतो, आणि स्पर्धेच्या भरात दुसऱ्याच्या पोवाड्यात आपले नाव घुसवणारेही होते. एकाच पोवाड्याच्या दोन प्रतींत दोन नावे निघाली की संपादकाचे काम वाढते.

अभ्यासक : तुमचे ते दोन चौक, जे छापील पाठात नाहीत. ते कुणाचे?

शाहीर : वडिलांच्या गुरूंचे असावेत. सूर्याजी मालुसरे दोर कापतो तिथले.

अभ्यासक : शेवटी मुद्रा कुणाची घेता?

शाहीर : तुळशीदासाची. दुसऱ्या कुणाची घेणार?

अभ्यासक : ते चौक म्हणून दाखवाल? लिहून घेतो. गुरूंचं नाव, साल, गाव, सगळं समासात लिहून ठेवीन.

शाहीर : लिहा. पण कागदावर झीलकऱ्यांची जागा मोकळी सोडा, आणि मी डफ शेकून येईपर्यंत थांबा.